बंबवालीचे डोळे

श्रीमान साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी जी अजून वाकतात त्यांनी तो वाकून केला आहे, उरलेल्यांनी मनोमन. तुमचा गुडघा कसा आहे? डावा होता ना? की उजवा? जो असेल त्याला आराम पडला असावा आणि त्याचं बघून दुसऱ्यानं काही नवीन सुरू केलं नसावं, अशी आशा करतो. ताईंची तब्येत ठीक असेलच, कारण त्यांची बिघडली की आमच्याकडे हिला कळतं आणि हिला कळलं की मला झोप मिळत नाही. सध्या मला झोप मिळते आहे. पुढे विनंती विशेष, असं लिहायची पद्धत आहे, पण विनंती काही नाही आणि विशेषही काही नाही. पत्र सहज लिहितो आहे.

अक्षर बघून दचकू नका. अक्षर हिचं आहे, मजकूर माझा. माझी बोटं सध्या रंगानं माखलेली असल्यामुळे मी खुर्चीत बसून सांगतो आहे आणि ही लिहिते आहे. (भाऊजी, नमस्कार. कंसात जे जे येईल ते माझं. ह्यांचा चष्मा कपाटावर राहिलाय आणि कुठे राहिलाय ते मी सांगितलेलं नाही, त्यामुळे निवांत लिहिता येतंय.) फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही आणि मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा अशा दोघांनी पत्रच लिहिलेलं बरं. शिवाय माझ्या एका वाक्यावरून आपलं बोलणं बंद झालं त्याला तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य फोनवर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. पत्रात निदान गुडघ्यापासून सुरुवात करता येते.

नमनालाच घडाभर तेल गेलं, आता मुद्द्यावर येतो. दुकान बंद करून मला दोन वर्षं झाली, हे तुमच्या कानावर आलं असेल. का बंद केलं तेही मी सगळ्यांना सांगितलं आहे. लोक हल्ली फोनमध्ये वेळ बघतात. मनगटावर घड्याळ असलं तरी ते बंद पडलं आहे हे त्यांना सहा-सहा महिने कळत नाही. अशा लोकांची घड्याळं दुरुस्त करून कुणाचं भलं होणार? (हे कारण मी आतापर्यंत शंभर वेळा तरी ऐकलंय. दूधवाल्याला सांगतानाही ऐकलंय.) पण चाळीस वर्षं मी रोज सकाळी साडेनऊला कुणाला तरी लागत होतो, साडूभाऊ. आता साडेनऊ वाजतात आणि तसेच पुढे निघून जातात. मला कुणी कशाला बोलावत नाही. भाजीच्या पिशव्या धरायला ही बोलावते, पण ते धरायचं नाही.

आमचा मुलगा वर्षभरासाठी कामानिमित्त परगावी गेला आहे आणि घरात आम्ही दोघं आणि सूनबाई. दर रविवारी दुपारी सूनबाईकडे तिचे मित्रमैत्रिणी येतात, जेवणाचं टेबल पुसून कोरडं करतात आणि त्यावर एक खेळ मांडतात. लहानपणी आपण खेळायचो तसा सोंगट्यांचाच, पण पट चटईएवढा, त्यावर पूल, धुराडी, आकाशात तरंगणारी जहाजं, आणि सोंगट्यांच्या जागी अंगठ्याएवढे बाहुले. पाच-पाच तास चालतो. हसतात, भांडतात, मध्येच कुणीतरी 'माझा बॉयलर फुटला' म्हणून ओरडतं आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असतो. म्हणजे धरून बसलेला असतो. पाच महिने दर रविवारी मी एकच अग्रलेख वाचतो आहे आणि तो कशावर आहे हे अजून मला कळलेलं नाही.

तर त्यांच्यातल्या एकाची बदली झाली आणि चौथी खुर्ची रिकामी पडली. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, बसता का आमच्यात?" मी लगेच हो म्हटलं नाही. घड्याळवाल्यानं लगेच हो म्हणू नये, गिऱ्हाईकाला वाटतं काम सोपं आहे. मी म्हटलं, "ठेवून जा, बघतो." मग आत गेलो आणि दार लावून एकटाच हसलो. (बाहेर ऐकू आलं. सूनबाई मला म्हणाली, "आई, बाबांना बरं वाटत नाही का?")

पण ह्या मंडळींचा एक नियम आहे. ज्याचा बाहुला त्यानं स्वतः रंगवायचा. दुकानातून बाहुले येतात ते करड्या प्लास्टिकचे, सगळे सारखे. दुसऱ्यानं रंगवून दिलेला चालत नाही आणि रंग पुरा झाल्याशिवाय बाहुला पटावर चढत नाही. पुरा म्हणजे डोळ्यांसकट. डोळे नसतील तर खेळणारा नुसताच बघत बसतो. मला मुदत दिली आहे येत्या रविवारपर्यंतची. तोवर झालं नाही तर खुर्ची जाणार खालच्या मजल्यावरच्या विमेवाल्याला. हा माणूस तुम्ही बघायला हवा. त्यानं बोलावण्याआधीच दोन बाहुले रंगवून ठेवले आहेत, एक शर्टाच्या खिशात घालून हिंडतो आणि जिन्यात भेटला की बाहेर काढून म्हणतो, "काका, तुमचं कुठपर्यंत आलं?" चाळीस वर्षं मी लोकांना 'परवा या' म्हणत आलो, त्याचं फळ आता मिळतं आहे.

माझ्या वाट्याला आली ती एक बाई. डोक्यावर उंच टोपी, टोपीवर चढवून ठेवलेला मोठा गॉगल, अंगात पायघोळ कोट, हातात तिच्याहून उंच पाना आणि पाठीवर बंब. हो, पाणी तापवायचा बंब, नळी आणि धुराड्यासकट. बंबावर तीन दातेरी चाकं. मी तिचं नाव बंबवाली ठेवलं. ह्या असल्या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. सूनबाईनं समजावून सांगितलं की घरोघर वीज आलीच नसती, सगळं वाफेवरच चालत राहिलं असतं आणि तशीच माणसं आकाशात उडायला लागली असती, तर जग जसं दिसलं असतं तसं हे. थोडक्यात, जो काळ कधी झालाच नाही त्याच्या जुन्या आठवणी. मला समजायला जड गेलं नाही. आपले सासरे मला लग्नानंतर पाच वर्षं त्याच काळातल्या गोष्टी सांगत होते. (बाबांबद्दल एक शब्द नको. हे मी ह्यांना तोंडीही सांगितलंय.)

आता कुठलंही यंत्र हातात आलं की पहिलं काम काय? आंघोळ. मी आजवर जे जे उघडलं ते आधी पेट्रोलच्या वाटीत बुडवलं, बारीक ब्रशनं घासलं आणि मग पुढचं बोललो. बंबवालीलाही तशीच बुडवली. खोक्यावर बारीक अक्षरात काही सूचना होत्या, पण सूचना वाचून काम करणाऱ्यांपैकी मी नव्हे. पंधरा मिनिटांनी बघतो तर बाई मऊ पडलेल्या! हातातला पाना छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला आणि बाई त्याच्याकडे बघत मान खाली घालून उभ्या. पितळ कधी असं वागत नाही हो. सूनबाईला कामावर फोन केला. ती म्हणाली की गरम पाण्यात धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात टाका. तसं केलं. पाना सुतासारखा सरळ झाला, पण त्या गडबडीत बाई कमरेतून मागे कलल्या. मला तर त्या अशाच बऱ्या वाटतात. आधी कामाला निघाल्यासारख्या दिसत होत्या, आता काम सांगणाऱ्या दिसतात. (गरम पाण्यात धरली ती माझ्या चहाच्या गाळणीत. तीन वेळा घासली तरी पेट्रोलचा वास जात नाही. ताईकडे दोन असतील तर एक पाठवायला सांगा.)

ह्यानंतर आली ती तीन चाकं. तुम्ही पाट्या रंगवणारी माणसं, तुम्हाला चाक म्हणजे गोल. पण चाकात चाक अडकवत माझा जन्म गेला आहे. ही तीन चाकं कारखान्यातल्या कुणा शहाण्यानं एकमेकांना खेटून अशी बसवली होती की पहिल्याचे दाते दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात आणि तिसऱ्याचे पुन्हा पहिल्यात. आता विचार करा. पहिलं उजवीकडे फिरलं तर दुसरं डावीकडे फिरणार. दुसरं डावीकडे म्हणून तिसऱ्याला जायचंय उजवीकडे, पण पहिलंही त्याला चिकटलेलं, त्यामुळे त्याला डावीकडेही जायचंय. एकाच वेळी दोन्हीकडे! घरात मी हे रोज करतो, पण चाकाला ते जमत नाही. (ऐकतेय मी.) हे यंत्र जन्मात फिरणार नाही, साडूभाऊ. दीड दिवस मी ते विसरायचा प्रयत्न केला. बंबवालीची पाठ भिंतीकडे करून ठेवली. जेवताना मला भिंतीपलीकडून ती चाकं दिसायची. शेवटी उठलो, बारीक कानस काढली आणि तिसरं चाक घासून सपाट करून टाकलं. त्या दुपारी मला जेवण गोड लागलं.

संध्याकाळी सूनबाई आली, बंबवालीला उलटीपालटी करून बघितली आणि खाली बसली. "बाबा, चाक कुठे गेलं?" मी सगळं समजावून सांगितलं, कागदावर बाण काढून दाखवले. ती म्हणाली, "अहो बाबा, ही चाकं फिरायची नसतात." मी म्हटलं, "फिरायचं नसेल तर त्याला दाते कशाला?" ह्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. (होतं. ती म्हणाली, "शोभेला." ह्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.) मग कळलं ते असं की बंबावर जितकी चाकं तितक्या चाली एका डावात करता येतात, आणि मी कानशीच्या चार फटक्यांत माझ्याच बाईची एक चाल कमी करून ठेवली होती. विमेवाल्याच्या बाहुल्याला चार चाकं आहेत. त्याची चारही कुठेच लागत नाहीत, हवेत लोंबतात, पण नियमाला चालतात.

मी हार मानणारा नाही. दुकानातून आणलेल्या डब्या माळ्यावर होत्या त्या काढल्या आणि त्यातून बायकांच्या मनगटी घड्याळातलं एक सेकंदाचं चाक निवडलं. खरं चाक, खऱ्या पितळेचं. बंबावर टाचणीच्या टोकाचा आस रोवला आणि त्यावर ते असं बसवलं की शेजारच्या दोन्हींपासून एक केसभर अंतर राहील. मापाला हिचा केस घेतला. (मी डुलकी काढत असताना. एक नाही, चार.) ह्या कामाला तीन दिवस लागले, कारण पंख्याच्या वाऱ्यानं चिमट्यातली चाकं उडत होती. (एक माझ्या चपलेत सापडलं, एक साबणाला चिकटलेलं. बाकीची पाचेक केर काढताना मिळाली. पंखा बंद होता.) पण बसल्यावर काय दिसतं म्हणून सांगू! फुंकर मारली की फिरतं. सूनबाईनं चार वेळा फुंकर मारून बघितली आणि म्हणाली, "बाबा, असं कुणाकडेच नाही." तिनं पाचव्यांदा फुंकर मारायच्या आत मी बंबवाली काढून घेतली, नजर लागते.

मग रंगकाम. आता इथे तुम्ही हसणार, हसून घ्या. मला वाटलं होतं की ज्यानं तांदळाहून बारीक स्क्रू बसवले त्याला कोट रंगवणं म्हणजे काय! कोटाला मरून, बंबाला तांब्याचा, चाकांना पितळी, टोपीला काळा. सगळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि सुरुवात केली. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की आमचं टेबल हलतं. त्याच्या पायाखाली कागदाची घडी ठेवली तरी हलतं, दोन घड्या ठेवल्या तरी हलतं. (नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो ते बायकांना. टेबल वाकडं म्हणणाऱ्यांसाठी वेगळी म्हण करायला हवी.) दुसऱ्या दिवशी कळलं की वरच्या मजल्यावर कपडे धुवायचं मशीन आहे, त्याचे हादरे खाली येतात. (ते लोक गावाला गेलेत.) मग पंखा बंद केला, कामाआधीचा चहा सोडला, ब्रश बदलला, खिडकीकडे पाठ केली, खिडकीकडे तोंड केलं. सूनबाईचं म्हणणं की कोपर टेबलावर टेकवून बघा. टेकवलं. ह्या घरात एक वस्तू अशी नाही की जी स्थिर आहे. (इथे मी काही लिहीत नाही.)

एवढं असूनही कोट झाला. तसा मोठा भाग आहे, थोडं इकडेतिकडे गेलं तर घडी पडली म्हणता येतं. बंब झाला. पितळी रंग चाकाला लावताना तो घसरून हनुवटीवर गेला आणि बंबवालीला दाढी आली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, त्यातलाच प्रकार. ती दाढी पुसताना कॉलर पुसली गेली, कॉलर नवी काढताना टोपीची कड गेली. आगीतून उठून फुफाट्यात, फुफाट्यातून परत आगीत, असा मी आठवडाभर जाऊन-येऊन करत होतो. पण तेही निस्तरलं. सगळं निस्तरलं, आणि राहिले डोळे.

साडूभाऊ, त्या बाईचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा आहे. त्यात दोन डोळे, म्हणजे दोन पांढरे ठिपके आणि त्यात दोन काळे ठिपके, सुईचं टोक टेकवल्यासारखे. मी आतापर्यंत सात वेळा काढले. पहिल्यांदा एक डोळा धुराड्याकडे बघायला लागला आणि एक बुटाकडे. दुसऱ्यांदा दोन्ही नाकाच्या एकाच बाजूला आले. तिसऱ्यांदा एक डोळा कानापर्यंत लांबला. चौथ्यांदा जागेवर आले, पण एवढे मोठे झाले की मी लग्नाची तारीख विसरलो होतो तेव्हा हिचे झाले होते तसे. (अजून होतात.) पाचव्यांदा भिवया झाल्या. सहाव्यांदा मी श्वास रोखून धरला आणि ऐन वेळी शिंकलो. सातव्यांदा ब्रश नाकात गेला. दर वेळी पुसायचं आणि वर पुन्हा कातडीचा रंग द्यायचा, त्यामुळे बाईंचे गाल सुजले आहेत. दाढ दुखत असावी तशा दिसतात. रविवारी येणाऱ्यांत एक दातांची डॉक्टर आहे, ती पटावर घ्यायच्या आधी हिला औषध लिहून देईल.

हिनं सुचवलं की गॉगल टोपीवरून खाली ओढा आणि डोळे झाकून टाका. गॉगल टोपीला जन्मापासून चिकटलेला आहे, ओढला तर टोपीसकट कपाळ येईल. मग म्हणाली डोळे मिटलेले दाखवा, दोन रेघा मारल्या की झालं. पाठीवर पेटता बंब घेऊन उभ्या-उभ्या झोपलेली बाई! अशा बाईच्या आसपास कुणी राहायला येईल का? शिवाय मंडळींचा नियम डोळ्यांचा आहे, पापण्यांचा नाही. त्यांच्या बाकी बाहुल्यांना डोळे आहेत, त्या दातांच्या डॉक्टरनं तर बुबुळात उजेडाचा पांढरा कणही दिला आहे. काल जिन्यात विमेवाला म्हणाला, "काका, ताण घेऊ नका, ह्या वयात बघत बसण्यातही मजा असते." मी त्याला काही बोललो नाही. वर येऊन हिला बोललो. (हो. अर्धा तास.)

तर अशी सगळी गंमत चालली आहे. तुम्हाला करमणूक व्हावी म्हणून लिहिलं, बाकी काही नाही. गुडघ्याला जपा. जिने टाळा. ताईंना आमचा दोघांचा नमस्कार. लोभ असावा असं लिहायचा हक्क मला उरला नसेल तर निदान रागाचं व्याज तरी माफ करावं. उत्तराची घाई नाही.

आपला,
धाकटा साडू

ता. क. – घाई नाही म्हटलं खरं, पण हे पत्र तुम्हाला गुरुवारी मिळेल आणि त्यानंतर रविवार यायला फार दिवस लागत नाहीत. तुम्ही पाट्या रंगवायचात तेव्हा नावाखालचा पत्ता लिहायला एक अगदी बारीक ब्रश वापरायचात, चार केसांचा. तो अजून असेल तर तो, आणि तुम्ही, असे दोघं सहज इकडे आलात तर बरं होईल. आमच्या गल्लीत गुडघ्याचा फार चांगला डॉक्टर आहे. (आमच्या गल्लीत गुडघ्याचा डॉक्टर नाही. पण या.)

ता. क. २ – आणखी एक. ही म्हणते पान संपलं, मी म्हटलं मागच्या बाजूला लिही. शनिवारी सूनबाई संध्याकाळपर्यंत कामावर असते. तेवढ्या वेळात तुम्ही ते दोन डोळे काढायचे, चहा घ्यायचा आणि कुणाला काही बोलायचं नाही. मी काढले असं मी सांगेन.

का, ते सांगतो. टेबल हलत नाही. मशीनही नाही आणि पंखाही नाही. माझा हात हलतो. उजवा. दुकान फोनमुळे बंद झालं नाही, साडूभाऊ. एक बाई तिच्या आईचं घड्याळ घेऊन आली होती. त्यातली कमान, म्हणजे स्प्रिंग, केसासारखी बारीक असते, ती चिमट्यात धरली आणि माझ्या हातानं मोडली. चाळीस वर्षांत मी कमान मोडली नव्हती. मी त्या बाईला सांगितलं की घड्याळच जुनं झालंय, आता होणार नाही. ती हो म्हणाली आणि रुमालात बांधून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, हिलाही नाही. आत्ता सांगतो आहे, कारण लिहिते आहे तीच. आणि सासूबाईंना नव्वद वर्षं झाली म्हणून सगळे जमले होते तेव्हा मी तुम्हाला म्हणालो होतो की मनगटाखाली काठी टेकवल्याशिवाय ज्याला पाटीवर रेघ ओढता येत नाही तो कसला कारागीर. ते मी चुकीचं बोललो. मला तेव्हा हात म्हणजे काय हे माहीत नव्हतं, कारण माझा ऐकत होता.

(भाऊजी, मला माहीत होतं. कपबशी वाजते ना. दोन वर्षं मी ह्यांना मोठ्या कपात पाऊण कप चहा देतेय म्हणजे सांडू नये, आणि हे रोज म्हणतात की तू चहा कमी करायला लागलीस. ह्यांनी सांगितल्याशिवाय विचारायचं नाही असं ठरवलं होतं. आज सांगितलं. मध्ये पाच मिनिटं मी लिहिणं थांबवलं होतं आणि मग हाताला लागलं ते पेन घेतलं, म्हणून वरची शाई बदललीय. पण सूनबाईला फसवायचं मला पटलेलं नाही. लिहिलंय, कारण मजकूर ह्यांचा आहे. शनिवारी मी घरी असणार आणि मला खोटं बोलता येत नाही हे ह्यांनाही माहीत आहे.)

ता. क. ३ – हे मी लिहितोय. माझ्या हातानं. चष्मा सापडला. कंस वाचले. सगळे.

अक्षर लागलं नाही तर ताईंकडून वाचून घ्या.

शनिवारी नको. रविवारी सकाळी या, सूनबाई घरी असताना. तिला मी आधीच सांगतो. डोळे तुम्ही काढायचे नाहीत, नियम आहे. मीच काढीन. तुम्ही माझं मनगट धरा.